बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

बॅटरी मरते मे महिन्यात आणि कळतं डिसेंबरात. नंदुरबार जिल्ह्यात तर हमखास. नंदुरबार, शहादा, तळोदा या तापीच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर मुक्काम ठोकून असतो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. त्या उष्णतेनं बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या शिशाच्या जाळ्या लवकर गंजतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. पण उन्हाळ्यात इंजिन मुळातच गरम, ऑइल पातळ; अर्ध्या जिवाची बॅटरीसुद्धा सेल्फ मारून नेते. मग दत्तजयंती येते, सारंगखेड्याची यात्रा भरते, थंडी उतरते. कुणी तोरणमाळला मुक्कामाला जातं, कुणाचं डाब-मोलगीकडे काम निघतं. त्या भागात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. पहाटे किल्ली फिरवली की नुसतं टक् टक्. ‘बॅटरी उतरी गई’ एवढं सांगायला मेकॅनिक लागत नाही.

चुकतं ते त्याच्या पुढचं. चार माणसं गोळा करून धक्का मारायचा, गाडी तशीच बॅटरीच्या दुकानात न्यायची, जुनी देऊन नवी बसवायची, पाच-सात हजार मोजायचे आणि निर्धास्त व्हायचं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच टक् टक्. मग दुकानदाराशी भांडण. दुकानदाराचा त्यात बहुतेक वेळा काहीच दोष नसतो.

बॅटरी रिकामी का होते, याची मुळात तीनच उत्तरं आहेत. चार्जिंग तिच्यापर्यंत येत नाही. येतं, पण ती घेत नाही. घेते, पण तिच्यात टिकत नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळे. यातल्या फक्त दुसऱ्या दुखण्यावर नवी बॅटरी हा इलाज आहे. पहिल्या आणि तिसऱ्या दुखण्यात नवी बॅटरीही जुनीच्याच वाटेनं जाते. आपल्या गाडीला यातलं नेमकं काय झालंय हे घरच्या अंगणात, अर्ध्या-पाऊण तासात कळू शकतं. त्यासाठी लागतो एक डिजिटल मल्टीमीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन-चारशे रुपयांत साधा मिळतो. सोबत दहा नंबरचा पाना, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा आणि बॅटरी, म्हणजे हातातली, उजेडाची.

हात लावण्याआधी दोन गोष्टी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो स्फोटक असतो. म्हणून बॉनेट उघडं असताना विडी-सिगारेट नको आणि पाण्याची पातळी बघायला काडी तर मुळीच पेटवायची नाही. दुसरं, हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पाना प्लसवरून बॉडीला टेकला तर क्षणात लाल होतो. त्या जागी अंगठी असेल तर बोटाचं काय होईल ते सांगायला नको. टर्मिनल काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. हा क्रम पाठच करून टाका.

गाडी झोपलेली असताना

पहिला आकडा सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना घ्यायचा. मीटर डीसी व्होल्टच्या वीसच्या घरात ठेवा, लाल काडी प्लसवर, काळी मायनसवर. काड्या बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नको. का ते पुढे येईल. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि थोडं थांबून मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज खोटा आकडा दाखवतो.

शिसे-आम्लाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं असतात आणि भरलेलं एक घर साधारण २.१ व्होल्ट देतं. म्हणून भरलेली बॅटरी १२.६ किंवा थोडी वर दिसते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव. ‘बारा व्होल्टची बॅटरी आहे आणि बाराच दाखवते, म्हणजे ठीकच की’ हा समज अगदी शिकलेल्या माणसांतही आहे. बारा म्हणजे तळ गाठत आलेली बॅटरी. आणि साडेदहाच्या आसपास आकडा अडकला असेल, चार्ज करूनही तिथेच परत येत असेल, तर सहातलं एक घर गेलंय असं समजायला हरकत नाही.

त्यानंतर कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटरकडे बघा. आकडा खाली जाणारच. साडेनऊच्या वर राहिला तर बॅटरीत दम आहे. १२.५ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच सात-आठवर कोसळली, तर तो १२.५ नुसता देखावा होता. मात्र उभा आकडा १२ असताना हा निकाल लावू नका. उपाशी पैलवानाची कुस्ती लावण्यात अर्थ नाही. आधी चार्ज करा, मग तपासा.

इंजिन चालू झाल्यावर

आता खरा आकडा. इंजिन चालू, मीटर पुन्हा त्याच दोन खुंट्यांवर. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं तर अल्टरनेटर काम करतोय. हेडलाइट, ब्लोअर लावा, रेस थोडी वाढवून धरा, आकडा १३.५ च्या आसपास तरी टिकला पाहिजे. इंजिन चालू असूनही १२.४, १२.३, १२.२ असा हळूहळू खाली घसरतोय, तर चार्जिंग येतच नाहीये. गाडी त्या क्षणी बॅटरीवर जगतेय. उलट १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर, आपल्याकडे ज्याला अजून कटआउट म्हणतात तो, बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय. वरचेवर पाणी भरावं लागतंय, सल्फरचा उग्र वास येतोय, बल्ब सारखे उडताहेत, ही त्याचीच लक्षणं.

नव्या गाड्यांबद्दल एक इशारा. बीएस-६ च्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो आणि गाडीचा कॉम्प्युटर गरजेप्रमाणे अल्टरनेटरला कमी-जास्त करतो. बॅटरी भरलेली असेल तर तो मुद्दाम १२.८ वरही ठेवतो. तेव्हा अशा गाडीत एका आकड्यावरून अल्टरनेटर उतरवायला सांगू नका. हेडलाइट-ब्लोअर लावून, रेस कमी-जास्त करून पाच मिनिटं बघा. आकडा एकदाही तेरा-साडेतेराच्या वर गेला नाही तरच संशय घ्या.

आणि एक गोष्ट हात जोडून. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि ‘बघा, गाडी बंद पडली नाही, म्हणजे अल्टरनेटर ओके’ असं सांगायचं, ही जुन्या मेकॅनिकांची आवडती परीक्षा आहे. डायनॅमोच्या जमान्यातल्या जीपला ती चालून जायची. आजच्या गाडीत बॅटरी ही व्होल्टेजचे धक्के पोटात घेणारी उशी असते. ती अचानक काढली की अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि डायोडपासून गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत काहीही जळू शकतं. मेकॅनिक कितीही अनुभवी असो, त्याचा हात तिथल्या तिथे धरा. मीटर दोन सेकंदांत तेच सांगतो, फुकटात.

येत नाही

इंजिन चालू आणि आकडा साडेबाराच्या वर सरकत नाही, असं धरून चालू. लगेच अल्टरनेटर खोलायला बसू नका. आधी डॅशबोर्डकडे बघा. किल्ली ऑन केल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू होताच विझला पाहिजे. इंजिन चालू असताना तो लागलेला राहिला, तर चार्जिंग नाही हे गाडी स्वतःच सांगतेय. पण किल्ली ऑन केल्यावर दिवा लागतच नसेल, तर अनेकजण खूश होतात: ‘दिवा नाही म्हणजे दोष नाही.’ जुन्या गाड्यांत याच्या बरोबर उलट असतं. त्या चिमुकल्या बल्बमधून जाणारा करंटच अल्टरनेटरच्या रोटरला पहिल्यांदा जागं करतो. दहा-वीस रुपयांचा बल्ब उडाला किंवा ती बारीक वायर तुटली, की धडधाकट अल्टरनेटर गप्प बसून राहतो. बल्ब, वायर ठीक असतील तर अल्टरनेटरचे कार्बन झिजलेत का ते बघायचं.

मग पट्टा. इंजिन बंद करून दोन पुलींच्या मधोमध अंगठ्यानं दाबा. साध्या व्ही-बेल्टला साधारण एक सेंटिमीटर दाब चालतो; बोट भसकन आत गेलं तर पट्टा सैल. पट्ट्याची कड काचेसारखी गुळगुळीत झाली असेल, चिरा पडल्या असतील, सकाळी किंवा पावसात चालू करताना चीं-चीं ओरडत असेल, तर तो घसरतोय. नुसता ताणूनही काम भागतं कधी कधी, पण प्रमाणाबाहेर ताणला तर अल्टरनेटरचं बेअरिंग जातं. अनेक धारी असलेल्या नव्या पट्ट्यांना बहुधा स्वतःचा टेन्शनर असतो, तिथे अंगठ्याचा हिशेब लागू नाही.

या पट्ट्याबद्दल जिल्ह्यातल्या डोंगराळ भागातल्या वाचकांनी थोडं थांबून वाचावं. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा मार्गावर धावणाऱ्या जुन्या डिझेल जीपा आणि पिकअपपैकी बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला एक छोटा डबा जोडलेला असतो, ऑइलच्या नळीसकट. तो व्हॅक्यूम पंप. ब्रेकला मदत करणारा बूस्टर त्याच्यावर चालतो आणि तो अल्टरनेटरच्याच दांड्यावर फिरतो. म्हणजे पट्टा तुटला की नुसतं चार्जिंग जात नाही, ब्रेकची मदतही जाते. बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-चार वेळा पेडल नेहमीसारखं दबेल, त्यानंतर दगडासारखं कडक होईल. ब्रेक फेल झालेला नसतो, पण पूर्ण जोर लावून दाबावा लागतो, आणि भरलेल्या गाडीत उतारावर तेवढी सवड मिळत नाही. काही इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो, तेव्हा गाडी तापतेही. चांदसैली किंवा देवगोई घाटात बॅटरीचा लाल दिवा अचानक लागला, तर ‘गावात गेल्यावर बघू’ म्हणायचं नाही. खालच्या गिअरवर वेग तोडा, रुंद जागा बघून गाडी लावा, चाकाला दगड लावा आणि बॉनेट उघडून पट्टा जागेवर आहे का ते बघा. जुन्या डिझेल गाडीत एक जादा पट्टा सीटखाली ठेवणं हा मी तरी चैनीचा खर्च मानत नाही.

पट्टा ठीक असेल तर मीटर पुन्हा हातात घ्या. इंजिन चालू, हेडलाइट चालू, केस-ओढणी-मफलर पट्ट्यापासून दूर. अल्टरनेटरच्या मागे जाड वायर नटानं कसलेली असते, तो त्याचा प्लस. त्यावर लाल काडी, काळी बॅटरीच्या मायनसवर. समजा, तळोद्याची एक पिकअप आहे. बॅटरीवर १२.३ दिसतंय आणि अल्टरनेटरच्या नटावर १४.६. म्हणजे अल्टरनेटर आपलं काम चोख करतोय, त्याची कमाई वाटेत कुठेतरी अडतेय: जळलेला मोठा फ्यूज, उंदरानं कुरतडलेली वायर, सैल नट. अशा गाडीचा अल्टरनेटर रिवाइंडिंगला टाकला तर हजार-दोन हजार गेले आणि दोष जागेवरच. उलट दोन्हीकडे १२.३ च दिसलं तर अल्टरनेटर खरोखर गप्प आहे. निरोगी गाडीत या दोन आकड्यांत ०.२-०.३ चा फरक चालतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की वाट खराब. तो नट सतत बॅटरीशी जोडलेला असतो, इंजिन बंद असतानासुद्धा, तेव्हा तिथे पाना लावायचा तर आधी बॅटरीचा मायनस काढूनच.

हीच तपासणी अर्थिंगची. एक काडी अल्टरनेटरच्या उघड्या लोखंडी-ॲल्युमिनियमच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर; ०.२ च्या वर आकडा नको. क्लचचं किंवा इंजिन माउंटिंगचं काम झाल्यावर इंजिन आणि चॅसिसमधली अर्थिंगची पट्टी परत लावायची राहून जाते, हा प्रकार आपल्याकडे फार. मग करंट वाट शोधतो ॲक्सिलरेटरच्या केबलमधून. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागत असेल तर पट्टी शोधा.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा सापडणारा दोष मात्र बॅटरीच्या खुंटीवरच असतो. पांढरी-हिरवट बुरशीसारखी भुकटी. म्हणून आधी मीटर खुंटीवर लावायला सांगितलं; आता एक काडी खुंटीवर आणि दुसरी त्याच खुंटीच्या क्लॅम्पवर ठेवून हेडलाइट लावा. दोघं एकमेकांना चिकटलेले असूनही मधे आकडा दिसला, तर आत घाण आहे. मायनस काढा, प्लस काढा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून टूथब्रशनं घासा. फेस यायचा थांबला की साध्या पाण्यानं धुवा. सोड्याचं पाणी झाकणातून बॅटरीत जाऊ देऊ नका, ते आतल्या आम्लालाच मारतं. कोरडं करा, कसून लावा, वरून पेट्रोलियम जेलीचा हात. ग्रीस आधी नाही, कसल्यावर.

अल्टरनेटर खरोखर गप्प असेल तर काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं. तरी जाताना माहिती घेऊन जा. पावसाळ्यात नाले ओलांडणाऱ्या गाड्यांत चिखल आत जाऊन कार्बन अडकतात, ते स्वस्तात बदलून मिळतात. आत सहा डायोड असतात; त्यातला एखादा गेला तर चार्जिंग पूर्ण थांबत नाही, निम्मं-पाऊण होतं आणि लाल दिवा मंद लुकलुकतो. मीटर एसीवर ठेवून चालू इंजिनावर बॅटरीचे व्होल्ट बघितले तर अर्ध्याच्या वर आकडा डायोडकडे बोट दाखवतो. काही स्वस्त मीटर मात्र एसीवर ठेवल्यावर डीसीलाच फसून पंचवीस-तीस दाखवतात. तो डायोडचा दोष नाही, मीटरचा आहे.

घेत नाही

चार्जिंग १४.२ येतंय, वायर साफ, पट्टा कसलेला, तरी सकाळी गाडी उचलत नाही. आता संशय बॅटरीवर. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ साली ही बॅटरी केली, तेव्हापासून तिचं मूळ दुखणं तेच आहे. करंट देताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं आणि आम्ल पातळ होतं; चार्ज केलं की ते सल्फेट परत विरघळतं. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे रिकामी पडून राहिली तर सल्फेटचे खडे टणक होतात आणि मग विरघळत नाहीत. अशी बॅटरी चार्जरला लावली की तासाभरात ‘फुल’ दाखवते आणि दोन सेल्फमध्ये उतरते. गाळानं भरलेलं तळं एका पावसात काठोकाठ भरतं, तसं ते भरणं.

झाकणाची बॅटरी असेल तर पाणी बघा. प्लेटा बुडून वर साधारण एक सेंटिमीटर पाणी हवं. फक्त डिस्टिल्ड. आरओचं नाही, उकळून गाळलेलं नाही आणि बोअरचं तर नाहीच. क्षार प्लेटांना खातात. ‘ॲसिड टाकून बॅटरी तेज करून देतो’ म्हणणाऱ्यापासून गाडी दूर उभी करा. पाणी उडतं, आम्ल उडत नाही. वरून आम्ल ओतलं की प्लेटा जळतात. त्यानंतर बॅटरीवाल्याच्या हायड्रोमीटरनं, त्याच्या भाषेत ‘ग्रॅव्हिटी’ बघून घ्या. पूर्ण चार्ज केल्यावर बाराशे चाळीस ते बाराशे ऐंशीच्या दरम्यान, कंपनीप्रमाणे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सहाही घरं एकसारखी हवीत. पाच घरं साडेबाराशे आणि एक अकराशे ऐंशी, असं निघालं तर त्या बॅटरीवर आणखी खर्च करू नका. सीलबंद बॅटरीतला हिरवा डोळा सहापैकी एकाच घरात बघतो, त्याच्या हिरवेपणावर पूर्ण विसंबू नका. दुकानातल्या टेस्टरवर लोड टेस्ट करून घ्या.

मरायला टेकलेली वाटते म्हणून लगेच टाकूही नका. उतरलेली बॅटरी गाडी फिरवून भरेल ही अपेक्षा चूक आहे. अल्टरनेटर भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असतो. पार रिकामी भरायला लावली तर तोच तापून जातो. चार्जरवर सावकाश चार्ज करा, क्षमतेच्या दहाव्या हिश्शानं. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. दुकानात दोन तासांत गरमागरम करून देतात त्याला चार्जिंग म्हणायचं नाही.

टिकत नाही

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, पण दोन दिवस गाडी उभी राहिली की संपलं. ही गळती. सुरतेहून किंवा नाशिकहून घेतलेल्या जुन्या गाड्यांत फार आढळते, कारण आधीच्या मालकानं काय काय जोडून ठेवलंय देव जाणे: ॲम्प्लिफायर, जीपीएस, पायाखालचे निळे दिवे. मायनस टर्मिनल काढून मीटर दहा अँपिअरच्या घरात, टर्मिनल आणि खुंटीच्या मधे लावायचा. लाल काडी मीटरच्या दुसऱ्या भोकात घालायला विसरू नका आणि मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल. दारं बंद, किल्ली बाहेर, अर्धा तास थांबा. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. पन्नास मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. अर्धा अँपिअर जात असेल, तर चोवीस तासांत बारा अँपिअर-अवर गेले. छोट्या गाडीची बॅटरी दोन दिवसांत आडवी. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला त्या सर्किटमध्ये चोर.

एकही फ्यूज काढून आकडा पडत नसेल तर सकाळी, गाडी चालू करण्याआधी, अल्टरनेटरला हात लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर कोमट लागला, तर आतला डायोड शॉर्ट आहे आणि रात्रभर तोच बॅटरी पितोय. यंत्राशिवाय होणाऱ्या निदानांत हे माझं सर्वांत आवडतं.

काही गळती आपणच लावतो. लग्नसराईत पिकअपवर डीजे चढतो. हजार वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात बारा व्होल्टवर त्र्याऐंशी अँपिअर मागतो. छोट्या गाड्यांचे अल्टरनेटर साठ ते नव्वद अँपिअरचे, तेही रेसवर. वरातीच्या चालीनं आयडलवर त्याच्या निम्मंही धड मिळत नाही. उरलेलं बॅटरीतून जातं. मिरचीच्या हंगामात बाजार समितीच्या रांगेत तासन्‌तास दिवे-गाणी लावून उभं राहणं हा त्याचाच सौम्य प्रकार. शेतात झटका मशीनला रात्रीपुरती जीपची बॅटरी लावणं हा मात्र तिचा खून आहे. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा करंट देण्यासाठी पातळ प्लेटांची केलेली असते, रात्रभर रिकामी होण्यासाठी नाही. त्याला इन्व्हर्टरसारखी ट्युब्युलर बॅटरी घ्या. नोकरी सुरतेत आणि गाडी गावी असेल, तर निघताना मायनस काढून ठेवणं एवढंच पुरे.

अडलेली गाडी

दुसऱ्या गाडीवरून चालू करायची तर क्रम असा: लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी वायूजवळ पडत नाही. काढताना उलट क्रम. धक्का जुन्या डिझेल गाडीला चालतो. ऑटोमॅटिकला चालत नाही. आणि घाटाच्या उतारावर गाडी सोडून गिअर टाकणं कुणीच करू नये. इंजिन बंद असताना ब्रेकची मदतही नसते आणि पॉवर स्टीअरिंगचीही.

चार्जिंग बंद पडलंय पण गाडी चालू आहे, तर एसी, ब्लोअर, गाणी बंद करा आणि इंजिन वाटेत बंद करू नका. पंप मेकॅनिकल असलेलं जुनं डिझेल इंजिन दिवसाउजेडी बरंच लांब जाईल. पेट्रोल आणि कॉमन रेल डिझेलला इंजेक्शन चालवायलाच वीज लागते, त्यांच्या हातात थोडाच वेळ असतो. अंधार असेल तर आणखी कमी, दोन हेडलाइटच नऊ-दहा अँपिअर घेतात.

बॅटरी घ्यायचीच ठरली तर त्याच मापाची, खुंट्यांची दिशा तीच असलेली, ताज्या तारखेची घ्या. वॉरंटी कार्डावर एमएच ३९ पासून पूर्ण नंबर आणि खरेदीची तारीख दुकानदाराकडून शिक्क्यासह भरून घ्या. जुनी त्यालाच परत द्या, किमतीत सूट मिळते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली बॅटरी योग्य ठिकाणी पोचवणं ग्राहकावरही टाकलं आहे आणि तिच्यातलं शिसं विहिरी-नाल्यात जायला नको. नवी बसली की दुकानासमोरच इंजिन चालू करायला सांगा, हेडलाइट लावा आणि मीटर खुंट्यांवर धरा. आकडा साडेतेराच्या वर दिसला नाही, तर गाडी तिथूनच ऑटो इलेक्ट्रिशियनकडे वळवा.